सुईच्या आधी आग होती

ॲक्युपंक्चर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सुयाच येतात, पालथा झोपलेला पेशंट आणि पाठीवर रांगेत टोचलेल्या बारीक सुया. पण चिनी लोक ज्या नावाने हा उपचार ओळखतात तो शब्द जोडशब्द आहे, झेन-जियू, त्यातलं झेन म्हणजे सुई आणि जियू म्हणजे आगीने दिलेला शेक किंवा चटका. म्हणजे निम्मं नाव आगीचं, आणि ते आपल्यापर्यंत येता येता वाटेतच गळालं. मला या विषयाचं वेड लागलं ते एका गोष्टीमुळे, चीनच्या जमिनीतून वैद्यकाचं जे जुन्यात जुनं लिखाण निघालंय त्यात शरीरातल्या वाहिन्यांचे रस्ते दिलेत, कुठली वाहिनी बिघडली की काय दुखतं ते दिलंय, उपाय पण दिलाय, पण त्या उपायात सुई कुठेच नाही. तिथे आग आहे.

हे लिखाण सापडलं हुनान प्रांतात, चांगशा शहराजवळ मावांगद्वे नावाच्या जागी. तिथे हान काळातल्या, म्हणजे हान राजवटीच्या (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) काळातल्या एका सरदार घराण्याच्या तीन कबरी आहेत. पहिलीत त्या घरातली बाई जवळजवळ जशीच्या तशी टिकलेली मिळाली म्हणून ती जगभर गाजली, पण आपल्या कामाची आहे ती तिसरी, बहुधा तिच्या मुलाची, जी इ.स.पू. १६८ मध्ये बंद केली आणि १९७३ च्या शेवटी उघडली. आत लाखेच्या पेटीत घड्या घातलेलं रेशीम होतं आणि त्यावर शाईने लिहिलेले ग्रंथ, त्यातले बरेच वैद्यकाचे. दोन छोटे ग्रंथ अकरा वाहिन्यांचे आहेत, पुढे सगळीकडे बारा सांगतात पण इथे अजून अकराच. संशोधकांनी त्यांना नावंच दिली ती "अकरा वाहिन्यांचा जियू-ग्रंथ" अशी. पायापासून सुरू झालेली वाहिनी पोटरीवरून, मांडीवरून, पाठीवरून कुठे जाते ते सांगायचं, मग त्या वाहिनीचे आजार सांगायचे, करंगळी बधिर होणं, पोटरीत गोळे, कंबर दुखणं वगैरे, आणि शेवटी एकच वाक्य, असले सगळे आजार असतील तर या वाहिनीवर जियू द्या. कुठल्या बिंदूवर, किती वेळ, काही नाही. आज ॲक्युपंक्चरवाले ज्या मेरिडियनबद्दल बोलतात त्यांचा हातात असलेला सगळ्यात जुना लेखी नकाशा हा असा शेकासाठी काढलेला आहे.

त्या काळात सुया नव्हत्याच असं मात्र कुणी समजू नये. गळू फोडायला टोकदार दगड वापरायचे, आणि हबेई प्रांतातल्या मानचंगला १९६८ मध्ये ल्यू शंग या राजपुत्राची कबर सापडली, तो वारला इ.स.पू. ११३ मध्ये, तिथे चार सोन्याच्या आणि पाच चांदीच्या सुया निघाल्या. म्हणजे मावांगद्वेच्या रेशमानंतर पन्नास-पंचावन्न वर्षांत सुया राजघराण्यात दिसायला लागतात. पण लिहून ठेवलेल्या उपचारात आग पुढे आणि सुई मागे, हा क्रम आज स्पष्ट दिसतो.

आता त्याच पेटीतला तिसरा ग्रंथ बघा, "बावन्न आजारांची औषधं", त्यात २८० च्या आसपास उपाय आहेत. मी इथे जरा रेंगाळणार आहे कारण हे वाचताना दोन हजार वर्षं मधे आहेत असं वाटतच नाही. जखमेतून "वारा" आत शिरला आणि माणूस ताठ झाला, वाकता येईना, असा एक आजार दिलाय, लक्षणं वाचून आपल्याला धनुर्वातच आठवतो. त्यावर उपाय काय, तर मीठ पिवळं होईपर्यंत भाजायचं, फडक्यात बांधायचं, चांगल्या दारूत बुडवून लगेच काढायचं आणि त्या पुरचुंडीने डोकं शेकायचं. आणि मग पुढची सूचना, "गरम लागलं तर उचला, सोसेल तसं खाली टेका." गार झालं की दुसरी पुरचुंडी, शेक तुटू द्यायचा नाही, घाम सुटला, हातपाय वाकायला लागले की थांबायचं. धनुर्वात मिठाच्या शेकाने जात नाही, त्याला लस आणि हॉस्पिटलच लागतं, हे आधी स्पष्ट सांगतो. पण तव्यावर मीठ तडतडेपर्यंत भाजून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधणारी आजी ज्यांनी बघितलीय त्यांना ती कृती लगेच ओळखीची वाटेल, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची आणि मग आपल्या कानामागे.

चामखिळीचा उपाय तर अजून रोखठोक. पाणकणसाच्या पातीची जुनी झिजलेली चटई घ्या, तिची दोरी वळा, टोक पेटवा, त्या टोकाने चामखिळीचं टोक भाजा, तापली की चामखीळ ओढून काढा. बास. इथे जियू या शब्दाचा अर्थ आहे निव्वळ भाजणं, आणि हाताला लागेल ते जळण, पवित्र वनस्पती वगैरे काही नाही. अजून एक उपाय गुदद्वाराच्या खाजेवर आहे. जमिनीत खड्डा करायचा, त्यात आग करून तो कोरडा करायचा, मग तळाला आय नावाची वनस्पती, तिच्यावर विलोच्या झाडावरची अळंबी, ते पेटवायचं आणि वर मातीचं भांडं पालथं घालायचं ज्याच्या बुडाला इंचभर गोल भोक पाडलंय, कडेने माती लिंपायची, भांड्यावर कपडा घालायचा पण भोक उघडं ठेवायचं, आणि रोग्याला त्यावर बसवायचं म्हणजे धूर नेमका जागेवर लागेल. पुन्हा तीच भाषा, गरम झालं की उठा, गार झालं की बसा, दमलात की विश्रांती घ्या. आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी आणि धुरी देतात तिथे म्हातारी बाई असंच सांगत असते, सोसेल तेवढंच घे गं.

मला वाटतं या सगळ्या उपायांत मोजमापाचं साधन म्हणजे रोगी स्वतः. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही, त्याच्या तोंडून "पुरे" आलं की पुरे.

आता ही आय म्हणजे काय ते बघू, कारण पुढे सगळा कारभार तिच्याच हातात गेला. ती आहे आर्टेमिसिया कुळातली, आणि आपला दवणा, जोतिबाला वाहतो तो, तोही त्याच कुळातला. दवणा चुरडल्यावर जो उग्र-गोड वास बोटांना राहतो त्याच्या जवळपासचा पण जास्त कडवट असा तिचा वास. तिच्या पानाची खालची बाजू पांढरट दिसते, तिथे बारीक दाट लव असते. पानं वाळवायची, कुटायची, चाळायची, परत कुटायची, हिरवा चुरा गळून जातो आणि हातात राहतो मऊ कापसासारखा पुंजका. हा पुंजका भडकत नाही, ज्वाळा न काढता उदबत्तीसारखा धुमसत जातो, बोटांनी दाबला की त्याची छोटी शंकूसारखी गोळी होते आणि जळताना ती सहसा विस्कटत नाही. चामडीवर किंवा चामडीजवळ ठेवायला असं जळण मिळणं ही मोठी सोय होती, लाकडाचा निखारा असा वागत नाही. जपानी लोक याला मोगुसा म्हणतात, आणि सतराव्या शतकात बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, असलेल्या बुशॉफ नावाच्या डच पाद्रीने गाउट या संधिवातावरच्या या उपचाराबद्दल लिहिलं, त्याचं पुस्तक १६७४ मध्ये छापलं गेलं आणि "मोक्सा" हा शब्द युरोपात पोचला. आज सगळीकडे मोक्सा म्हणतात तो तिथून आलेला.

आय जितकी जुनी तितकी चांगली हे तर इ.स.पू. चौथ्या शतकातच लोकांना पाठ होतं, कारण मेन्शियस हा तत्त्वज्ञ राजकारण समजावताना सहज म्हणून जातो की आजचे राजे म्हणजे सात वर्षांच्या दुखण्यासाठी तीन वर्षं मुरलेली आय शोधत फिरणारे लोक, साठवूनच ठेवली नसेल तर जन्मभर मिळणार नाही. त्याला औषध शिकवायचं नव्हतं, त्याला सांगायचं होतं की चांगुलपणा आधीपासून साठवावा लागतो, पण उपमा चालली म्हणजे ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी हे माहीत होतं. कारणही साधं आहे, ताज्या पानात उडून जाणारं तेल जास्त असतं, ते जोरात जळतं, मुरल्यावर तेल कमी होतं आणि धग मवाळ होते. फार पुढे, सोळाव्या शतकात, ली शीझेन याने आपल्या औषधी-ग्रंथात लिहिलंच की कच्च्या आयने चटका दिला तर मांस दुखावतं. झ्वांगझी या ग्रंथात कन्फ्यूशियसच्या तोंडी पण एक वाक्य आहे, एका दरोडेखोराला उपदेश करायला गेला आणि जीव मुठीत धरून परत आला तेव्हा म्हणतो, "आजार नसताना स्वतःला जियू देऊन घेतला मी." विकतचं दुखणं म्हणतो ना आपण, तेच.

आयला जुन्या शब्दकोशात एक नाव आहे, बिंगताय, म्हणजे बर्फाचा ओटा. हे नाव कशामुळे याचा एक सुंदर धागा तिसऱ्या शतकातल्या बोवूझी या ग्रंथात मिळतो, बर्फ गोल तासा, उन्हाकडे धरा, त्याच्या मागे पडणाऱ्या कवडशात आय ठेवा, आग मिळते. बर्फाचं भिंग! उपचाराची आग शक्यतो सूर्याकडून घ्यावी, पाइन, तुती अशा काही लाकडांची घेऊ नये असं पुढचे वैद्य आवर्जून सांगायचे, त्यासाठी काशाचे अंतर्गोल आरसेही असत.

घरगुती उपायाचं शास्त्र झालं ते हान काळातच. श-जी या इतिहासग्रंथात चुन्यू यी नावाच्या वैद्याच्या पंचवीस केसेस आहेत, हा जन्मला इ.स.पू. २१५ च्या सुमारास, आणि त्याने राजदरबारात चौकशी झाली तेव्हा आपल्या पेशंटचा हिशोबच दिला. एका अधिकाऱ्याचा दात किडला होता. चुन्यू यीने डाव्या बाजूच्या एका वाहिनीवर जियू दिला, एका कडू मुळीचा काढा करून रोज तीन माप खळखळून चुळा भरायला लावल्या, पाच-सहा दिवसांत बरं वाटलं. आणि कारण काय लिहिलंय? वारा लागला, तोंड उघडं ठेवून झोपतो, आणि जेवल्यावर चूळ भरत नाही. बावीसशे वर्षांपूर्वीचं हे वाक्य मी पोरांना दाखवलंय.

मग येतो तो मोठा ग्रंथ, ह्वांगदी नेयजिंग, पिवळ्या सम्राटाच्या नावाने ओळखला जाणारा, जो एकाच्या हातचा नाही, हान काळात हळूहळू गोळा झालेला आहे. त्यात एक जागा आहे जिथे पाच दिशांचे पाच उपचार सांगितलेत, पूर्वेकडून दगडाची सुई, पश्चिमेकडून औषधं, दक्षिणेकडून नऊ प्रकारच्या सुया, मध्यातून व्यायाम आणि मालिश, आणि उत्तरेकडून जियू. उत्तरेला उंच गार पठार, बोचरा वारा, लोक उघड्यावर राहतात, दूधदुभत्यावर जगतात, आतले अवयव गारठतात आणि पोट फुगतं, म्हणून तिथे आग लागते. हा खरा इतिहास म्हणून घेऊ नका, पाच दिशांच्या चौकटीत सगळं बसवायची त्यांची पद्धत होती. पण त्यामागचा विचार समजतो, थंडी साचली, रक्त आणि ची अडली, तर उष्णतेने मोकळी करायची. ची म्हणजे त्यांच्या मते शरीरात फिरणारी प्राणशक्ती, आजच्या शरीरशास्त्रात तसं काही सापडत नाही, पण शेकल्यावर रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आखडलेला स्नायू सैल पडतो एवढं तर आजचे फिजिओथेरपिस्टही सांगतात.

याच ग्रंथात आगीची चाल बदलायची युक्ती आहे. अशक्त माणसाला भरून काढायचं असेल तर आयवर फुंकर घालू नका, आपली आपण विझू द्या. आत जास्त साचलंय ते बाहेर काढायचं असेल तर पटापट फुंका, दुसरी आय पुढे सरकवा. म्हणजे तीच गोळी, तीच जागा, फरक फक्त फुंकरीचा. आणि एक ओळ अशी की सुईला जे जमत नाही तिथे जियू बरा.

आणि तिथेच अजून एक उतारा आहे जो वाचून मी थोडा वेळ थांबलो. गारठ्याने अंग आखडलेल्या रोग्याला सुई टोचल्यावर ऊब द्यायची, ती कशी? साध्या कपड्यातल्या माणसाला तापवलेल्या सुईने, आणि बड्या माणसाला औषधी शेकाने. तो औषधी शेक म्हणजे केवढा थाट. दारूत सिच्वान मिरी, सुंठ, दालचिनी भरडून टाकायची, रेशमाचा पुंजका आणि बारीक पांढरं कापड त्यात बुडवायचं, भांडं झाकून मातीने लिंपायचं आणि घोड्याच्या लिदीच्या धुमसत्या आगीत पाच दिवस पाच रात्री ठेवायचं, मग कापड काढून वाळवायचं, परत भिजवायचं, सगळा रस जिरेपर्यंत, त्याच्या पिशव्या करून तुतीच्या कोळशावर तापवायच्या आणि दुखऱ्या जागी ठेवायच्या, गार झाली की परत तापव, तीस वेळा. घाम आला की पुसायचं तेही तीस वेळा, आणि नंतर घरातल्या घरात चालायचं, वाऱ्यात जायचं नाही. सिच्वान मिरी म्हणजे कोकण-गोव्यातल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण, बांगड्याच्या आमटीत घालतो त्या तिरफळाची, एकाच कुळातली. जीभ बधिर करते ना, तीच. रोग एक, थंडी एक, पण गरिबाला लाल सुई आणि श्रीमंताला दालचिनीची उबदार पिशवी, आणि हे लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलेलं दिसत नाही. मला ते लागतं.

मग गोष्ट जरा वेदनेकडे झुकली. तिसऱ्या शतकात ह्वांगफू मी याने, ज्याला स्वतःला अर्धांगाचा त्रास होता, सुई-जियूचा व्यवस्थित ग्रंथ लिहिला, जवळपास साडेतीनशे बिंदू आणि कुठे किती गोळ्या जाळायच्या त्याचा आकडा. एका गोळीला ज्वांग म्हणतात. आय थेट चामडीवर ठेवायची, फोड यायचा, पू व्हायचा, आणि तो झालाच पाहिजे अशी समजूत होती, पू झाला तर आजार बाहेर पडला. फोड उठला नाही तर? ह्वांगफू मी सांगतो चपलेचा तळ तापवून त्या जागी शेका, तीन दिवसांत उठेल. सातव्या शतकातला वैद्य सुन सिमियाव तर दक्षिणेकडे आणि सिच्वानकडे बदली होणाऱ्या अधिकाऱ्यांना सल्ला देतो की अंगावर दोन-तीन ठिकाणी जियूच्या जखमा कायम ओल्या ठेवा म्हणजे तिकडचा हिवताप लागणार नाही. आज कुणी हे करू नये, भाजलेली जखम म्हणजे जंतूंना उघडं दार.

पण त्यांच्यातच सावध माणसंही होती, आणि ती सुरुवातीपासून होती. गान्सू प्रांतात वूवेय इथे १९७२ मध्ये लाकडी पट्ट्यांवर लिहिलेलं हान काळातलं वैद्यक मिळालं, त्यात मनाईची यादी आहे, एक वर्षाच्या मुलाच्या छातीवर हृदयाच्या जागी जियू देऊ नका, दहा दिवसांत दगावेल, दोन वर्षांच्या मुलाच्या पोटावर नको, पाच दिवसांत दगावेल, तिसऱ्या वर्षी पाठीवर नको. आकड्यांमागे शास्त्र नाही, पण लहान मुलाच्या पोटावर आग ठेवू नये हे त्यांना कळलं होतं. हे मी मुद्दाम सांगतोय कारण आपल्या मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याने चटके द्यायची डंबा नावाची प्रथा आहे आणि त्याच्या बातम्या अजून येतात. बाळाचं पोट फुगलं तर सरळ दवाखाना, दुसरं काही नाही. इ.स. २०० च्या आसपासचा झांग झोंगजिंग या वैद्यानेही बजावलंय की नाडी बारीक आणि जलद असेल तर जियू देऊ नका, आग दिसायला लहान असली तरी आत तिचा मार जोरदार, हाडं करपतात, स्नायू दुखावतात, गेलेलं रक्त परत येणं कठीण. आज जे स्पामध्ये सिगारसारखी कांडी चामडीपासून लांब धरतात ती पद्धत बरीच नंतरची, मिंग राजवटीच्या (१३६८ ते १६४४) काळातली, या जुन्या वैद्यांनी ती बघितलेलीच नाही.

एवढी आग का टिकली, याचं उत्तर पाचव्या शतकातला वैद्य चेन यानझी एका ओळीत देतो, सुईला गुरू लागतो, जियू कुणीही देऊ शकतो. ७५२ मध्ये वांग ताव याने उपचारांचा प्रचंड संग्रह केला, त्यात जियू ठेवला आणि सुया गाळल्या, सुईने माणूस मरू शकतो म्हणून. आणि वायव्य चीनमधल्या दुनह्वांगच्या गुहेतून मिळालेल्या ८६१ च्या एका जियू-पुस्तिकेच्या सुरुवातीला म्हटलंय की लोक दूर राहतात, शहर लांब, मधे डोंगर-नद्या, गावात साधं दुखणं आलं तरी औषध मिळत नाही. हे पुस्तक अशा लोकांसाठी, चित्रात माणूस आहे आणि त्याच्या अंगावर जागांची नावं लिहिलीत, बघा आणि करा.

आता तो माणूस ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो, चिनी वैद्य गे होंग, इ.स. २८३ ते ३४३. त्याने एक पुस्तक केलं जे बाहीत मावावं, रात्री-अपरात्री दुखणं आलं तर काढून वाचावं, महागडी औषधं टाळून घरात आहे त्यात भागवावं. त्याची बायको बाव गू ही जियू देण्यात नावाजलेली, ग्वांगझौच्या डोंगरावरच्या लालदेठी आयने ती इलाज करायची असं तिकडे आजही सांगतात. आणि हो, याच पुस्तकात हिवतापासाठी आर्टेमिसियाच्याच दुसऱ्या जातीचा, छिंगहावचा, पाण्यात भिजवून पिळून काढलेला रस आहे, ज्या ओळीवरून चिनी संशोधक तू योयो यांना हिवतापाच्या औषधाची दिशा मिळाली आणि २०१५ चं नोबेल मिळालं.

पण मला त्यातली सुजेवरची कृती जास्त जवळची वाटते. एकपाकळी लसूण घ्या, आडवा कापा, पातळ चकती, ती सुजेच्या टोकावर ठेवा. तिच्यावर आयची छोटीशी गोळी, पेटवा. लसूण करपला की नवी चकती. जळणारी आग आणि माणसाची चामडी यांच्या मधे कुणीतरी लसणाची चकती ठेवली, उष्णता जाईल पण मांस जळणार नाही म्हणून, आणि त्याने तसं लिहिलंयही, चामडीला इजा होऊ द्यायची नाही. मिठाच्या पुरचुंडीपासून इथपर्यंत पाचशे वर्षं गेली, वाहिन्या अकराच्या बारा झाल्या, बिंदू शेकड्यांनी झाले, आणि गे होंग शेकणाऱ्याला सांगतो, फार तापू देऊ नकोस, त्याला दुखलं की लगेच लसूण उचल.